कडेला खाच नसलेलं कार्ड

एक गोष्ट आधीच ठणकावून सांगून टाकतो, म्हणजे मागाहून वाद नको. कॉम्प्युटर चुकत नाही. वीस-बावीस वर्षं मी नागपुरात या यंत्राची चाकरी केली, त्याच्या पोटात हात घातला, त्याची धूळ पुसली, त्याला शिव्या दिल्या, आणि आता रिटायर झाल्यावरही घरी टीव्हीला जोडायचा एक लहानसा कॉम्प्युटर घेऊन बसतो. मेव्हण्याने आखातातून आणून दिला. त्याचा प्रोग्राम कॅसेटवर असतो; टेपरेकॉर्डर लावला की आधी दोन-तीन मिनिटं नुसता किंचाळतो आणि मग कामाला लागतो. बायको म्हणते, "नोकरी सुटली, पन या डब्याचं याड काही सुटलं नाही बाप्पा तुमचं!" नाही सुटलं, सुटणारही नाही. इतका आज्ञाधारक आणि इतका बह्याड प्राणी मी दुसरा पाहिला नाही. सांगाल तेवढंच करतो, आणि तुम्ही चुकीचं सांगितलंत तर तेही तितक्याच इमानाने करतो.

माझं नाव शमुवेल. वडील सावनेरच्या बाजूला एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. मी त्यांचा रेडिओ उघडून बसायचो आणि रविवारच्या उपासनेला बोटांना तारा जोडायच्या डाखाचा वास घेऊन जायचो. मुलगा पाळक होईल ही त्यांची आशा होती. मी झालो मशीन रूमचा सुपरवायझर. ते हसून म्हणायचे, "काही हरकत नाही. दोन्हीकडे कोणी ऐकत नाही, आपण सांगत राहायचं."

आमची कचेरी नागपूरच्या सदर भागात होती. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, आता तिथे दुसरंच काही आहे. मागच्या अंगाला मशीन रूम. अख्ख्या इमारतीत थंड हवेची ती एकच खोली, कारण थंड हवा माणसांसाठी नव्हती, मशीनसाठी होती. मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं तेव्हा सगळ्या खात्यांचे लोक हातात एखादी फाइल धरून "जरा विचारायचं होतं" म्हणत यायचे आणि तासभर काही न विचारता बसायचे. आम्ही मात्र भर उन्हाळ्यात स्वेटर घालून काम करायचो. डबा खायला बाहेर आलो की पानवाला म्हणायचा, "काहून गा साहेब, ताप आला का?"

दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. मी ख्रिस्ती, म्हणून कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगच्या बाया आधी बिचकत विचारायच्या, "सर, चालते ना जी तुम्हाले?" मी म्हणायचो, हार घाला, नारळ फोडा, पेढा मला पहिला द्या; फक्त कुंकू कार्ड वाचायच्या तोंडात पडू देऊ नका. एका वर्षी पडलंच. पुढचे चार दिवस मशीन कार्ड घ्यायचं आणि लाल पट्टा ओढून परत करायचं. मी ब्रश घेऊन एकेक रूळ साफ केला आणि त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच धर्मात बसणारं नव्हतं.

उलट्या बाजूचे पाहुणेही यायचे. आमच्या मंडळीतले एक पेन्शनर गृहस्थ होते. बायबलात शेवटच्या काळात जे श्वापद येणार म्हटलंय त्याचा आकडा सहाशे सहासष्ट, आणि कॉम्प्युटर म्हणजेच ते श्वापद, असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं. ते खात्री करायला आले. मी कार्ड दाखवलं. ऐंशी रकाने, बारा ओळी, गुणाकार नऊशे साठ. सहाशे सहासष्ट कुठेच बसत नाही. "पण आत कुठं लपून असन तं?" असं विचारत त्यांनी मशीनला एक फेरी मारली, मग खुर्ची ओढून बसले, दोन कप चहा घेतला आणि जाताना म्हणाले, "श्वापद असो का नसो शमुवेल, हवा मस्त आहे इथली." पुढे ते दर मे महिन्यात यायचे.

हसू नका. देव आणि विज्ञान यांचं भांडण आहे असं मला विचारणारे पुष्कळ भेटले, आणि त्यांना मी एकच उत्तर दिलं. माझ्या घरात दोघं सुखाने राहतात. दोघं एकच शिकवतात की स्वतःला फार शहाणा समजू नको, परत तपास. हे मी मंडळीच्या तरुणांपुढे भाषणात सांगितलं, टाळ्या घेतल्या. आणि ज्या दिवशी खरंच परत तपासायची वेळ आली त्या दिवशी काय केलं, ते आता सांगतो.

त्यासाठी धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. बाहेरच्या एका संस्थेच्या परीक्षांचे निकाल आम्ही तयार करून द्यायचो. परीक्षकांकडून गुणांचे कागद यायचे. एका विद्यार्थ्याचं एक कार्ड, पोस्टाच्या पाकिटाएवढं, जाड कागदाचं. पंचिंगला बसलेली बाई कागदाकडे बघत टाइप करते आणि मशीन कार्डाला बारीक चौकोनी भोकं पाडतं. मग ते कार्ड दुसऱ्या बाईकडे जातं. ती तोच कागद समोर ठेवून पुन्हा सगळं टाइप करते. तिचं मशीन भोकं पाडत नाही, नुसतं पडताळतं. जुळलं तर कार्डाच्या उजव्या कडेला एक लहान खाच पडते. नाही जुळलं तर लाल दिवा लागतो. म्हणजे खाच असली की समजायचं, दोन वेगळ्या माणसांनी हे पाहिलं आहे. नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी दम द्यायचो, खाच नसलेलं कार्ड मशीनमध्ये गेलं तर तुम्ही घरी गेलात.

सत्तरच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. निकालाच्या ऐन आठवड्यात थंड हवेचं यंत्र बिघडलं. तीन दिवस मशीनं बंद. निकालाची तारीख वर्तमानपत्रात आलेली, आणि मोठे साहेब दर अर्ध्या तासाने दारात उभे. कार्डांच्या शेवटच्या दोन पेट्या राहिल्या होत्या. मी म्हणालो, "पडताळणी सोडा. पंच झालं की सरळ चढवा." कागदावर काही नाही, तोंडी. आमची सगळ्यात जुनी ऑपरेटर मंदाताई, तिने माझ्याकडे पाहिलं. "सर, खाच नाही पडली यांच्यावर." मी म्हणालो, "मंदाताई, तुमचा हात चुकत नाही, मला माहीत आहे." स्तुती केली की माणूस गप्प बसतो. निकाल तारखेला लागला आणि साहेबांनी पेढे वाटले.

महिन्याभराने भिवापूरहून एक मुलगी आणि तिचे वडील आले. वडील पोस्टमन, खाकी डगल्यातच आलेले. मुलीचं नाव प्रभा. शिक्षकाच्या पदविकेची परीक्षा दिली होती. निकालात पहिल्या पेपराला गैरहजर, म्हणून नापास. गावच्या शाळेत जागा रिकामी होती आणि तिला सांगितलेलं होतं, निकाल दाखव आणि रुजू हो. संस्थेने त्यांना आमच्याकडे पाठवलं होतं.

"सर, मी पेपर देला," ती म्हणाली. "पहिल्या बाकावर बसली होती. हे पाहा, हॉल तिकिटावर सही हाये."

मी तिला बसवलं, चहा मागवला. त्या थंड खोलीत ती पातळाचा पदर गच्च धरून बसली होती. मग मी माझं नेहमीचं व्याख्यान दिलं. मशीनला नातेवाईक नाहीत. मशीनला जात नाही, वशिला नाही, कंटाळा नाही. आणि तुमच्या समाधानासाठी पुन्हा चालवून दाखवतो, असं म्हणून मी तिच्या केंद्राचा गठ्ठा काढायला लावला आणि तिच्यासमोर मशीनमध्ये घातला. कार्डं खडखडत गेली, कागद बाहेर आला. पहिला पेपर, गैरहजर.

"पाहिलंत? दोनदा विचारलं, दोनदा तेच सांगितलं."

"पन सर, मी होती ना हजर."

वडील तिला म्हणाले, "चल वं. साहेबानं तुह्यासाठी मशीन चालवली." ते उठले. संस्थेने मागितलं म्हणून त्याच संध्याकाळी मी प्रमाणपत्र लिहून दिलं. फेरतपासणी केली, निकाल अचूक आहे. खाली झोकदार सही.

आता हे शेंबडं पोरही सांगेल. चुकीचं कार्ड दोनदा वाचलं तर दोनदा चुकीचंच येणार. खरा तपास करायचा तर परीक्षकाचा मूळ कागद काढायचा होता, आणि तो शेजारच्या खोलीत फडताळात होता. पंधरा पावलांवर. मी, ज्याने तरुणांना 'परत तपास' म्हणून भाषणं दिली, तो त्या पंधरा पावलांवर गेलो नाही. कारण माझी खात्री होती.

प्रभाने दावा लावला. पोस्टमनची मुलगी संस्थेविरुद्ध कोर्टात जाते म्हटल्यावर आमच्याकडे सगळे हसले. तारखांवर तारखा पडत गेल्या आणि दोन वर्षं गेली. कायद्याबद्दल माझं मत विचाराल तर कायदा चांगला आहे, फक्त तो आमच्या जुन्या प्रिंटरसारखा आहे. छापतो नीट, पण कागद अडकतो फार. शेवटी संस्थेतर्फे साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. कोर्टाला कॉम्प्युटर समजावून सांगणारा नागपुरातला मीच पहिला असेन, अशी घमेंड. न्यायाधीशांच्या हातात खरंखुरं कार्ड द्यायचं, भोकं दाखवायची, म्हणून शनिवारी दुपारी गोदामात जाऊन मी प्रभाचं कार्ड शोधून काढलं. आणि उजव्या कडेवरून बोट फिरवलं. कड सरळ होती. खाच नव्हती.

मग गेलो फडताळाकडे, दोन वर्षं उशिरा. मूळ कागदावर पहिल्या पेपरात चौसष्ट. मग तिच्या आधीच्या नंबराचं कार्ड काढलं. तो मुलगा पहिल्या पेपराला खरोखर गैरहजर. तेव्हा सगळं लख्ख दिसलं. पंचिंगच्या मशीनवर एक चावी असते, ती दाबून धरली की मागच्या कार्डावरची भोकं जशीच्या तशी पुढच्यावर उतरतात. एका केंद्राच्या शंभर मुलांचा केंद्र क्रमांक शंभरदा कोण टाइप करणार? आणि केंद्र क्रमांकाच्या लगेच पुढे पहिल्या पेपरची जागा. बोट क्षणभर जास्त दाबलं गेलं. रकाना दाखवणारा मशीनवरचा काटा दुसऱ्या पेपरवर दिसला, हाताला वाटलं पहिला झाला. अशी चूक पंचिंगची प्रत्येक बाई वर्षातून दोन-चारदा करायची, आणि दुसरी बाई ती हमखास पकडायची. त्या दिवशी दुसरी बाई नव्हती. मीच तिला उठवलं होतं.

सोमवारी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "कार्ड कशाला काढत बसलात? कोणी मागितलं होतं?" वकिलांनी मला प्रेमाने समजावलं. विचारलं तेवढंच सांगा, यंत्र चुकत नाही एवढंच म्हणा, ते तर खरंच आहे ना! मंदाताई जिन्यात रडत उभी होती. "भाऊ, त्या पेटीवर माह्या नावाची चिठ्ठी हाये. मले काढतीन. दोन पोरं हायेत मले." एरवी ती मला सर म्हणायची. मी म्हणालो, "चिठ्ठी तुमची, पण हुकूम माझा होता." ते मी कोर्टात म्हणेन की नाही, ते मात्र मला त्या क्षणी माहीत नव्हतं. नोकरी मलाही होती.

कोर्टात सिनेमात दाखवतात तसं काही नसतं, ग्रंथावर हात ठेवायचा वगैरे. शिरस्तेदार एक वाक्य म्हणतो, आपण मागून म्हणायचं. "ईश्वराची शपथ घेऊन सांगतो की..." तो म्हणाला. मी म्हणालो, "शपथ घेणार नाही, प्रतिज्ञेवर सांगतो." कायद्यात दोन्ही चालतं. आमच्या घरची ती शिकवण. वडील म्हणायचे, माणसाचं हो म्हणजे हो असावं आणि नाही म्हणजे नाही. शपथ घेतली म्हणजे बाकीचे दिवस आपण खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होतं. मी छाती काढून प्रतिज्ञा केली. समोर बाकावर प्रभा बसली होती, शेजारी वडील, तोच खाकी डगला.

आमच्या वकिलांनी विचारलं, "हे यंत्र चुकतं का?"

"नाही."

"म्हणजे या मुलीचा निकाल बरोबर आहे."

मी कार्ड खिशातून काढलं. "नाही."

टाइपिस्टचे हात थांबले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "अहो, दोन्हीपैकी एक काहीतरी सांगा."

"दोन्ही खरं आहे, साहेब. यंत्राने बरोबर वाचलं. कार्ड चुकीचं होतं. ते तपासायचं नाही असा हुकूम मी दिला होता. ऑपरेटरने मला टोकलं होतं, मी ऐकलं नाही."

मग सगळं सांगितलं. चावी, खाच, मूळ कागद, चौसष्ट. न्यायाधीशांनी कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं आणि खाच कुठे हवी होती ते विचारून घेतलं. आमचे वकील लालबुंद. त्यांनी परवानगी घेऊन माझीच उलटतपासणी सुरू केली.

"ख्रिस्ती आहात म्हणता, आणि देवाची शपथ घ्यायला तयार नाही?"

"आमच्यात शपथ लागत नाही. शब्द पुरतो."

"असं!" त्यांनी एक कागद वर केला. "हे प्रमाणपत्र तुमच्या सहीचं?"

"हो."

"निकाल अचूक आहे, असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा शपथ नव्हती, आजही नाही. मग तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?"

इतका नेमका प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही. आणि तो माझ्याच बाजूच्या माणसाने विचारला. माझे वडील तोवर वारले होते, ते एका परीने बरंच झालं असं वाटलं. मी म्हणालो, "तेव्हा खोटं लिहिलं. खोटं आहे हे माहीत नव्हतं, पण माहीत करून घेतलं नाही. पंधरा पावलं गेलो नाही."

न्यायाधीशांनी टाइपिस्टला सांगितलं, "हे शब्दशः घ्या."

पुढचं थोडक्यात. मंदाताईची नोकरी राहिली. मला मशीन रूममधून उचलून कागदाच्या गोदामात टाकलं. वर्षभर तिथे भर उन्हाळ्यात स्वेटरशिवाय बसलो. मग नव्या मशीनचं कोणाला जमेना, तेव्हा सन्मानाने परत बोलावलं. गेलो, पण अट घालून. कोणीही तक्रार घेऊन आलं तर आधी मूळ कागद निघेल, मशीन नंतर. रिटायर होईपर्यंत ती अट चालवली, आणि तिच्यामुळे आणखी काही मुलांचे निकाल दुरुस्त झाले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दाव्याचा निकाल प्रभाच्या बाजूने लागला. त्या दिवशी मी मुद्दाम रजा टाकून कोर्टात गेलो होतो. ती पास ठरली, पण भिवापूरच्या शाळेतली जागा केव्हाच भरली होती. व्हरांड्यात तिच्या वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुमच्यामुळं झालं जी. तुम्ही खरं बोलले." मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? मी प्रभाकडे वळलो. काहीतरी आशीर्वादासारखं बोलायला तोंड उघडलं.

तीच आधी बोलली. आवाज चढवला नाही.

"सर, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही म्हणले, मशीननं दोनदा तेच सांगतलं, म्हणजे ते खरं. मीबी तं तुम्हाले दोनदा तेच सांगतलं होतं. मग मीच काहून खोटी झाली?"

वडील घाईघाईने म्हणाले, "चूप वं, साहेब हायेत ते. चाल, गाडीची वेळ झाली." त्यांनी मला पुन्हा वाकून नमस्कार केला. तिने केला नाही.